कणीक साफ होते, मासा लागत नाही: धरणकाठच्या सकाळबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडचे एक गृहस्थ डिसेंबरपासून रविवारी पहाटे पवना धरणावर, ठाकूरसाईच्या बाजूला, गळ टाकून बसतात. सात फुटी काठी, साधं रीळ, दहा नंबरचा गळ आणि कणकेची गोळी. सहाला पोचतात, दहाला उठतात. कणीक दोन-तीन मिनिटांत साफ होते, गळ रिकामा वर येतो, मोठा मासा अजून एकदाही लागलेला नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: कुठलं आमिष वापरू, किती वाजता पोचू, आणि नऊ-दहा फुटी काठी घेऊ का?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: कणीक साफ होते. म्हणजे तुमचं आमिष माशांना आवडतंय. खाणारे मासे फक्त तुम्हाला हवे ते नाहीत. आता कणकेऐवजी दुसरं काही लावलंत तरी त्याच जागी तीच चिल्लर मासळी तेही कुरतडून नेईल. कुठल्या आकाराचा मासा तोंड लावणार हे ठरतं तिथे पाणी किती खोल आहे, तळाला काय आहे आणि तुम्ही ती जागा किती वेळ नेटाने धरता यावर. तुम्ही काठापासून किती लांब टाकता आणि तिथे खोली किती, हे लिहिलेलं नाही. बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण मोजलेलंच नसतं. माझं बरंचसं उत्तर त्या मोजण्याबद्दल आहे.

एक मर्यादा आधीच सांगतो. माझा वावर मुख्यतः मावळ-मुळशीकडच्या पाण्यावर: पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव. ही डोंगरांच्या मधली, उतरत्या काठांची धरणं. उजनीसारखं पसरट पाणी किंवा पवईसारखा जलपर्णीने भरणारा शहरी तलाव असेल तर यातल्या निम्म्या गोष्टी बदलतात.

आधी काठाचं बघू. आपल्याकडच्या धरणाचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरतं, आणि ऑक्टोबरपासून पाणी उतरायला लागतं ते थेट पुढच्या पावसापर्यंत. पवनेचं पाणी नदीत सोडून पुढे रावेतला उचलतात आणि पिंपरी-चिंचवडला देतात, म्हणजे तुमच्या घरच्या नळाला येणारं पाणी याच काठावरून कमी होत असतं. त्यामुळे नोव्हेंबरात जिथे मासा लागला ती जागा मार्चमध्ये कोरडी पडलेली असते आणि तिथे गुरं चरतात. 'अमक्या झाडासमोर टाक' असा सल्ला कुणी दिला तर तो कुठल्या महिन्यातला आहे हे विचारून घ्या.

पण उतरणारं पाणी एक मोठी सोयही करून देतं. मेअखेरीस, पाणी सगळ्यात खाली असताना, काठी न घेता नुसती एक फेरी मारा. धरणाखाली गेलेल्या भातखाचरांचे बांध, जुन्या गाडीवाटा, ओढ्यांच्या घळी, झाडांचे बुंधे हे सगळं उघडं पडलेलं असतं. फोनवर फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत पलीकडच्या काठावरची एखादी ठळक खूण येऊ द्या. तुंग किल्ल्याचा सुळका त्यासाठी फार सोयीचा आहे, कुठूनही ओळखू येतो. ऑक्टोबरात हेच बांध पाण्याखाली असतात आणि तळाशी चरणारे मासे त्यांच्या कडेकडेने फिरतात. सपाट तळापेक्षा बांधाच्या पायथ्याशी शंखगोगलगायी, किड्यांच्या अळ्या, सडका पालापाचोळा जास्त साठतो. मी जागा निवडतो ती बहुतेक वेळा अशा फोटोंवरून. पाण्याकडे बघून जागा ओळखणारे लोक आहेत, पण तेही कित्येक उन्हाळे तो तळ उघडा बघून आलेले असतात.

यंदाचा मे अजून लांब आहे, तर आजच्या आज काय करायचं? काठाचा उतार बघा. जमिनीवर जो उतार दिसतो तोच साधारण पाण्याखाली पुढे जातो. काठ तीव्र असेल तर चार-पाच मीटर अंतरावरच चांगली खोली मिळते. काठ पसरट असेल तर वीस मीटर टाकूनही कमरेइतक्याच पाण्यात पडतं, आणि तिथे कणीक साफ करणारी बारकी मासळीच असते. मला तुमच्या बाबतीत हाच संशय आहे. एखादा ओढा धरणाला मिळतो तिथलं तोंड, दोन उतारांच्या मधली खोलगट जागा किंवा पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक मिळालं तर उत्तम. टोकावर बसलं की एकाच जागेवरून दोन-तीन वेगवेगळ्या खोल्यांवर टाकता येतं.

खोली मोजायला फार काही लागत नाही. दोरीच्या टोकाला गळ न बांधता वीस ग्रॅमचं शिसं बांधा आणि टाका. शिसं पाण्यात पडलं की मनात सेकंद मोजायला सुरुवात करा. दोरी एकदम सैल पडली की शिसं तळाला टेकलं. असं शिसं सेकंदाला साधारण मीटरभर किंवा त्याहून किंचित जास्त खाली जातं, म्हणजे तीन सेकंद मोजलेत तर तीन-साडेतीन मीटर धरा. मग काठीचं टोक खाली ठेवून शिसं सावकाश ओढत आणा. मुरमाड तळ असेल तर काठीत खरखर जाणवते. गाळ असेल तर जड, गुळगुळीत ओढ लागते. वनस्पती असेल तर थांबून थांबून सुटतं. आणि एखाद्या जागी थोडं चढून पुन्हा खाली पडल्यासारखं वाटलं तर तो बांध असण्याची शक्यता मोठी. अर्धा तास यात घालवा, वेगवेगळ्या दिशांना दहा-बारा वेळा टाका. पहिल्या सकाळी मासेमारी नाही केलीत तरी चालेल. त्या अर्ध्या तासाच्या माहितीवर पुढचे महिना-दोन महिने निघतात.

खोली माहीत झाली की मासा कुठला हवा ते ठरवता येतं. धरणात ठेकेदार किंवा सहकारी संस्था जी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात ती मुख्यतः कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प यांची. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. सायप्रिनस तर तळाचा चिखलच उकरत फिरतो. त्यामुळे तळाला पडलेली कणीक कटल्याला दाखवायची म्हणजे त्याने खास वाट वाकडी करून यायचं. काठावरून, साध्या काठीने, नवशिक्याने तळाच्या माशांच्या मागे जावं असं माझं स्पष्ट मत आहे. तळ जागचा हलत नाही, आमिष कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं, चारा टाकून जागा धरता येते. कटल्याचं प्रकरण नंतर बघता येईल.

आता वेळ. पहाटेच मासा लागतो, हे प्रत्येक जण कुणाकडून तरी ऐकून आलेला असतो. एप्रिल-मेमध्ये ते खरं आहे. तेव्हा उजाडण्याआधी गळ पाण्यात पाहिजे आणि नऊ-साडेनऊला ऊन चढलं की उठलेलं बरं. पण तुम्ही डिसेंबर-जानेवारीत जात आहात. मावळातल्या थंडीच्या पहाटे वरचं आणि काठालगतचं उथळ पाणी रात्रभर निवून सगळ्यात गार झालेलं असतं. कटला, रोहू, मृगळ हे उबदार पाण्याचे मासे. पाणी साधारण २५ अंशांच्या वर असेल तेव्हा ते मनापासून खातात आणि २०च्या खाली सुस्तावतात. सायप्रिनस थंडी त्यांच्यापेक्षा बरी सोसतो. म्हणून जानेवारीत सहाला पोचून तुम्ही सगळ्यात मंद वेळ काठावर काढता, आणि दहाला, म्हणजे काठ तापून हालचाल सुरू होण्याच्या सुमाराला, घरी निघता. थंडीत साडेसातला पोचा, आठपर्यंत चारा टाकून तयार राहा आणि बारापर्यंत थांबा. माझे थंडीतले बहुतेक चांगले मासे नऊनंतरचे आहेत.

पवईसारख्या हिरव्या पाण्याच्या तलावावर पहाटेचं गणित आणखी वेगळं होतं. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो तो नेमका पहाटे. मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात आणि लोकांना वाटतं, वा, काय हालचाल आहे! ते खायला आलेले नसतात, श्वासासाठी आलेले असतात. अशा ठिकाणी सूर्य वर येऊन तास-दीड तास झाल्यावरच खरी वेळ सुरू होते. मरळ याला अपवाद, कारण तो हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. पण त्याची शिकार वनस्पतींच्या कडेला, जिवंत किंवा कृत्रिम आमिषावर चालते आणि तो वेगळाच विषय आहे.

वाऱ्याचं एक सांगायचं राहतं. सकाळी पाणी बहुधा आरशासारखं असतं म्हणून सकाळी बसणारे वाऱ्याकडे बघतच नाहीत. पण आदल्या संध्याकाळी वारा कुठून होता, हे विचारा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोराने सुटतो आणि पाण्यावर तरंगणारं खाद्य, किडे, पाचोळा पूर्वेकडच्या काठाला जमवतो. सकाळी वारा पडलेला असला तरी तो माल तिथेच असतो आणि फेसाची एक पातळ पट्टी काठाला दिसते. फेब्रुवारीनंतर मी पट्टी दिसेल तिथे बसतो. थंडीत वारा मुळातच मंद असतो, त्याचा एवढा विचार करू नका.

बसताना सावलीही बघा. सूर्य पाठीमागे असेल तर सकाळी तुमची लांबच लांब सावली थेट पाण्यावर पडते, आणि तुम्ही उभं राहिलात, हात हलवलात की तीही हलते. तीन मीटर पाण्यात फरक पडत नाही, पण काठाजवळ टाकत असाल तर चार पावलं मागे, खाली बसून टाका. दगडांवर धपधप चालणं, डबे आपटणं हेही टाळा. बोलण्याने मासा फारसा बिचकत नाही, जमिनीच्या हादऱ्याने बिचकतो.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: जागा उताराची किंवा बांधाची, थंडीत खोली अडीच ते चार मीटर, वेळ साडेसात ते बारा, आणि नजर सायप्रिनस व मृगळावर. आता तुम्ही विचारलेल्या आमिषाकडे येतो, पण त्याच्याही आधी चारा.

चारा म्हणजे गळाला न लावता जागेवर टाकायचं खाद्य. नवशिके हा भाग सोडतात आणि मग दर दहा मिनिटांनी नवीन दिशेला गळ फेकत मासा शोधत बसतात. मी वापरतो ते असं: शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवून, तितकाच गव्हाचा कोंडा, मूठभर भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, भाजून कुटलेली थोडी मेथी. सकाळी त्यात काठावरचीच ओली माती मिसळून संत्र्याएवढे गोळे करायचे. गोळा पाण्यात पडल्यावर फुटता कामा नये, पण तळाला गेल्यावर पाच-सात मिनिटांत विरघळायला हवा. बादलीत पाणी घेऊन एक गोळा टाकून बघा. फुटला तर माती वाढवा, तसाच राहिला तर कोंडा वाढवा. सुरुवातीला सहा-सात गोळे एकाच जागी, मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक. जास्त टाकलंत तर मासे येतील, पोट भरून जातील आणि तुमची गोळी तशीच राहील. थंडीत तर सुरुवातीचे चार गोळेही पुरतात, कारण मासा खातोच कमी.

सगळं एकाच जागी पडणं महत्त्वाचं. समोरच्या काठावरची एक खूण धरून दिशा ठेवा, आणि अंतरासाठी योग्य टप्प्यावर टाकल्यावर रिळाच्या चकतीवर दोरीला बारीक रबर बँड लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दोरी तिथेच थांबेल. मात्र मोठा मासा लागला तर तो रबर बँड सुटायला हवा, म्हणून पातळच घ्या. हाताने गोळे पंधरा-वीस मीटरच्या पुढे नेमके पडत नाहीत. त्यामुळे तेवढ्या अंतरात चांगली खोली मिळेल अशीच जागा निवडा. लांब फेकण्याची हौस आपोआप कमी होते.

आमिष. कणीक वाईट नाही, तुमची फार मऊ आहे. मळताना त्यात पिंजलेला कापूस अगदी थोडा, धागे सुटे करून मिसळा. जुने लोक हेच करत आले आहेत आणि गोळी गळावर दुप्पट वेळ टिकते. चव-वासाला चिमूटभर हिंग किंवा बडीशेपेची पूड. कुणी ओवा घालतं, कुणी मध, कुणी बेकरीतलं व्हॅनिला. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला हिंगाचा थंडीत फायदा होतो असं वाटतं, पण पैज लावणार नाही. ती गोळीही बादलीत टाकून बघा: पंधरा-वीस मिनिटं टिकली पाहिजे.

चिल्लर मासळीचा त्रास असेल तिथे मात्र मी सरळ मक्यावर जातो. वाळलेला मका चोवीस तास भिजवायचा, मग दाणे फुटेपर्यंत शिजवायचा आणि त्याच पाण्यात दोन दिवस ठेवायचा. थोडा आंबूस वास यायला लागला की झालं. कच्चे वाळके दाणे चाऱ्यात कधीही टाकू नका, ते माशाच्या पोटात फुगतात. दाण्याचं साल जाड असल्याने बारकी मासळी त्याला ढुशा देते, पण तोडू शकत नाही. सहा नंबरच्या गळावर दोन दाणे लावा आणि गळाचं टोक उघडं दिसू द्या. गळाचा नंबर जितका लहान तितका गळ मोठा, हे दुकानात विसरायला होतं. गांडूळ थंडीत अप्रतिम चालतं, पण बारक्या मासळीलाही तितकंच. चारा टाकलेल्या जागी मोठा मासा आल्याची खात्री पटली की मगच मी गांडूळ काढतो.

ही खात्री कशी पटते? दोन खुणा. एक, बुडबुडे. तळातून कुजका वायू सुटतो तेव्हा बुडबुडे एकाच जागी, मोठे, थांबून थांबून येतात. सायप्रिनस तळ उकरत असेल तर बारीक बुडबुड्यांचा झुबका येतो आणि तो हळूहळू सरकत जातो. दुसरी खूण जास्त मजेची आहे: कुरतडणं एकदम बंद होतं. अर्धा तास टिकटिक चाललेली असते आणि अचानक शांतता. नवशिका म्हणतो, मासे गेले, आणि उठून जागा बदलतो. बऱ्याचदा बारकी मासळी बाजूला झालेली असते, कारण मोठी आलेली असते. दोन-तीन मिनिटांत कणीक साफ होते म्हणून तुम्ही सतत गुंडाळत आणि टाकत राहिलात तर हा क्षण कधी येणारच नाही. मका लावा, टाका, आणि वीस मिनिटं हात मागे ठेवा.

ओढ ओळखण्यासाठी फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता तुकडा, असेल तर शिकायला सोपं जातं. फक्त तीन मीटर खोलीसाठी दोरीवर पक्का बांधलेला फ्लोट सात फुटी काठीने टाकता येत नाही, कारण फ्लोटच्या खालची दोरी काठीपेक्षा लांब होते. त्यासाठी सरकता फ्लोट वापरायचा: फ्लोट दोरीवर मोकळा, आणि वर हव्या त्या खोलीवर जाड धाग्याची छोटी गाठ, जी फ्लोटला अडवेल पण काठीच्या कड्यांतून सरकून जाईल. फ्लोट थरथरत राहिला तर ती बारकी मासळी, काहीही करू नका. फ्लोट वर उचलला जाऊन आडवा पडला तर तळाच्या माशाने आमिष तोंडात घेऊन डोकं वर केलं आहे, तेव्हा लगेच काठी उचला. फ्लोट तिरका सरकत पाण्यात शिरला तर एक क्षण थांबून उचला. तळाला नुसतं शिसं टाकून बसत असाल तर शिसं दोरीवर मोकळं सरकणारं ठेवा, म्हणजे आमिष नेताना माशाला वजन लागत नाही. दोरी ०.२८ मिमीची पुरेशी आहे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला रोखणारा ब्रेक, इतकाच घट्ट ठेवा की हाताने जोरात ओढल्यावर दोरी सुटायला हवी. तीन-चार किलोचा सायप्रिनस पहिल्या धावेत दोरी मागतोच, आणि ड्रॅग आवळलेला असेल तर गाठीशी तुटते. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली की नायलॉन तिथेच कमजोर होतं.

परवानगीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. बहुतेक धरणांतले मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला. बोटुकलीचा खर्च त्यांनी केलेला असतो. जवळच्या गावात चौकशी करा, ठेकेदाराच्या माणसाला भेटा, पावती घ्यायला सांगितली तर घ्या. भिंतीजवळ आणि दरवाज्यांच्या आसपास बसायचंच नाही. खडकवासल्याला एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, हद्दीतला काठ बंद आहे. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे त्यांच्या नियमाने जा, आणि त्या तलावात मगरी आहेत हे विसरू नका. काठावर जाळी लावणारे लोक सकाळी जाळी काढायला येतात. त्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या बोयांपासून लांब टाका. त्यांच्याशी बोला, चहा प्या, आणि मासा कुठे मिळाला यापेक्षा जाळं किती खोल लावलं होतं ते विचारा. त्या एका आकड्याने अर्धं काम होतं.

पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांत शिरतात, ते अंड्यांनी भरलेले असतात. त्या दिवसांत मी काठी बाहेर काढत नाही. खडस, म्हणजे महसीर, लागला तर ओल्या हाताने धरून परत सोडा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर १९७०च्या दशकापासून खडसाची पिल्लं वाढवून सोडत आली आहे आणि तरीही तो सहज दिसत नाही. उलट आफ्रिकन मांगूर लागला तर पाण्यात परत टाकू नका. तो पाळायलाही बंदी आहे आणि इथल्या मासळीचा तो फडशा पाडतो.

पवनेच्या काठाने दर वर्षी माणसं नेली आहेत, म्हणून हेही: उतरलेल्या पाण्याच्या काठावर वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून लोण्यासारखा असतो. पाय मांडीपर्यंत जातो. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका, तोडून टाका, गळ दहा रुपयांचा असतो. एकटे जाऊ नका. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात ढग दाटून गडगडायला लागलं की काठी आडवी ठेवून काठापासून दूर व्हा, कार्बनच्या काठीतून वीज सहज वाहते. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे काठी उभी धरूच नका.

राहिला काठीचा प्रश्न. नऊ-दहा फुटी काठी चांगली असते, लांब पडतं, दोरी पाण्याच्या वर ठेवता येते, मासा दमवताना वाकते. पण तुम्हाला हवा तो मासा पंधरा मीटरच्या आत फिरत असेल तर सात फुटी काठीने आणि सरकत्या फ्लोटने या हंगामात तुमचं काहीही अडणार नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर दोन मीटर दांड्याची, रुंद तोंडाची हातजाळी घ्या. ठाकूरसाईकडचा काठ बऱ्याच ठिकाणी उतरता आणि निसरडा आहे. सायप्रिनस काठाशी आल्यावर शेवटची धडपड करतो आणि बहुतेकांचे मासे तिथेच, दोरीला धरून वर ओढताना, सुटतात. जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवायची आणि मासा तिच्यावर आणायचा, जाळी माशाच्या मागे न्यायची नाही. पुढच्या रविवारी खोली मोजून आलात की किती सेकंद भरले आणि तळ कसा लागला ते कळवा, मग चाऱ्याचं प्रमाण त्याप्रमाणे सांगतो.